किरणांचा डोस कमी व्हावा म्हणून

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये मुलांच्या ओपीडीबाहेर बसलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात तीन शब्द सारखे कानावर येतात: ऑपरेशन, लाइट, केमो. लाइट म्हणजे रेडिएशन. कुणी त्याला शेक म्हणतं. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरचे मुख्यतः केमोबद्दल बोलतात. मेंदूत गाठ असलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा तिन्ही येतं, आणि त्यात औषधाचा नंबर बहुधा शेवटचा. असं का, हे समजायला बरंच मागं जावं लागतं.

1948 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर असलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलांचा आजार थोड्या काळासाठी का होईना, मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथलं संशोधन आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. त्याच वर्षी ते वारले. मुलांच्या कॅन्सरवर औषध चालतं हे जगाला तेव्हा कळलं. मेंदूच्या गाठींपर्यंत मात्र हा फायदा पोचायला कित्येक वर्षं गेली.

वाट अडली होती ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांपाशी. 1885 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले, मेंदू तसाच राहिला. पुढे 1913 मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, आणि मेंदू रंगला. म्हणजे रंग मेंदूला चालत होता, रक्तातून आत शिरायलाच जागा नव्हती. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की बहुतेक औषधं बाहेरच राहतात. गाठीच्या भागात हा बांध थोडा सैल होतो. पण तो किती सैल होईल, याचा भरवसा नाही.

लहान मुलांत जास्त दिसणारी एक घातक गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. कुशिंग आणि बेली या मेंदूच्या सर्जननी 1925 मध्ये तिला हे नाव दिलं. ती लहान मेंदूत वाढते. मूल सकाळी उठल्याउठल्या ओकतं, डोकं दुखतं म्हणतं, चालताना तोल जातो. घरी आधी पित्त वाटतं, मग चष्म्याचा नंबर. यात कुणाचाही दोष नाही. गाठीच्या पेशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून खाली उतरतात, त्यामुळे नुसती गाठ काढून भागत नाही. 1953 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की संपूर्ण मेंदू आणि पूर्ण कणा यांना किरणं दिली तर मुलं जगतात.

जगली, पण त्याची मोठी किंमत मोजून. वाढत्या मेंदूवर पडलेली किरणं पुढच्या वर्षांत शाळेत दिसतात. पाठांतर होत नाही, फळ्यावरचं वेळेत उतरवून होत नाही, उंची खुंटते, संप्रेरकांच्या गोळ्या मागे लागतात. मूल जितकं लहान तितकं नुकसान जास्त. माझ्या मते या आजारावरच्या औषधांचा पुढचा सगळा इतिहास इथून वाचायला हवा. गाठ मारण्याइतकंच मोठं काम औषधावर येऊन पडलं: किरणांचा डोस कमी करता यावा, म्हणून उरलेला भार उचलायचा.

हाताशी औषधं होती तरी कोणती? आपल्या खिडकीतल्या कुंडीत फुलते त्या सदाफुलीतून मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन. चरबीत विरघळत असल्यामुळे मेंदूत शिरू शकणारं लोमुस्टिन. आणि 1978 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिस्प्लॅटिन. अमेरिकेतले डॉक्टर रॉजर पॅकर यांनी ही तिन्ही एकत्र बांधली. आजार न पसरलेल्या मुलांना मेंदू-कण्यासाठी 36 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) किरणं देण्याची रीत होती. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 3 ते 10 वर्षांच्या 65 मुलांना 23.4 ग्रे आणि सोबत ही औषधं दिली. पाच वर्षांनी 79 टक्के मुलांचा आजार उलटलेला नव्हता. त्याआधी, 1993 मध्ये, तीन वर्षांखालच्या बाळांना औषधं देऊन किरणं एक ते दोन वर्षं पुढे ढकलता येतात, हेही दिसलं होतं. बाळाच्या मेंदूसाठी तेवढी दोन वर्षं फार मोलाची असतात.

सिस्प्लॅटिननं कानावर घाव घातला, हे विसरता येत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स' आणि 'श' ऐकू येत नाहीत. म्हणून उपचार चालू असताना कानाची तपासणी पुन्हा पुन्हा करतात. आईवडिलांनी ती चुकवू नये.

मेंदूच्या देठातल्या पसरट गाठीपुढे औषधं दशकानुदशकं हरली. 2012 मध्ये तिच्यातला हिस्टोनचा, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाचा, बिघाड सापडला, आणि त्याच बिघाडासाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली, तीही उपचारांनंतर आजार पुन्हा वाढलेल्यांसाठी. संथ वाढणाऱ्या गाठींचं नशीब बरं. त्यांच्यात बीआरएएफ जनुकाचा बिघाड सापडला आणि त्यावर 2023 मध्ये डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब, 2024 मध्ये टोव्होराफेनिब अमेरिकेत मंजूर झाली. पण अशी औषधं द्यायची तर आधी गाठीची जनुकीय तपासणी लागते.

या तपासणीच्या कामात मुंबईचा वाटा आहे. टाटा मेमोरियल 1941 मध्ये परळला सुरू झालं, 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याचं खारघरचं संशोधन केंद्र म्हणजे अ‍ॅक्ट्रेक. मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट असतात. मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनही हा गट ओळखता येईल अशी चाचणी अ‍ॅक्ट्रेकच्या नीलम शिरसाट यांच्या चमूनं 2013 मध्ये मांडली. या चार गटांपैकी डब्ल्यूएनटी नावाच्या गटाची मुलं सगळ्यांत चांगली बरी होतात. म्हणून टाटामध्ये एक धाडसी प्रयोग झाला: या मुलांच्या कण्याला किरणं द्यायचीच नाहीत, फक्त गाठीच्या जागी द्यायची आणि पुढे केमो. काही मुलांचा आजार किरणं न दिलेल्या भागात उलटला. डॉक्टरांनी अभ्यास वेळेआधी थांबवला आणि तसं छापून सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. औषध एकट्यानं कणा राखू शकत नाही, हे त्यातून कळलं. पुढचा अभ्यास त्यांनी मेंदू-कण्याला 18 ग्रे देऊन आखला.