कथलाच्या लाटेवरचे अडीच सेकंद

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी पहिली नोकरी धरली, त्या कारखान्यात स्टॅबिलायझरचे सर्किट बोर्ड बनायचे. जुलै लागला आणि वेव्ह सोल्डरिंग मशीनमधून निघणाऱ्या बोर्डांच्या टाक्यांना, म्हणजे वितळलेल्या धातूने (सोल्डरने) केलेल्या जोडांना, भोकं पडू लागली. टाचणीचं टोक जाईल एवढीच, पण रोज. आम्ही सोल्डरचं तापमान वाढवलं. भोकं तशीच राहिली, उलट पॉटवर, म्हणजे सोल्डर वितळवायच्या भांड्यावर, मळी जास्त साचू लागली.

आमचं कुठे चुकलं ते समजायला मशीनच्या आत डोकावायला हवं. ट्रान्सफॉर्मर, रिले, जाड कपॅसिटर यांचे पाय बोर्डाच्या भोकांतून खाली उतरलेले असतात. असा बोर्ड कन्व्हेअरवरून थोडा चढ चढत सरकतो. आधी खालून फ्लक्सचा फवारा, मग प्रीहीट म्हणजे बोर्ड आधी तापवणं, मग वितळलेल्या सोल्डरची लाट. पॉटमधला पंप सोल्डर सतत वर ढकलत असतो आणि बोर्डाचं फक्त पोट त्या लाटेला टेकून जातं. शेकडो पाय एका फेरीत जोडले जातात.

कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. तांब्या-पितळेवर हवेने चढलेला थर नवसागर काढतो. तो निघाल्याशिवाय कथील धरत नाही. फ्लक्सचं काम तेच. तो कमी पडला तर टाका वरून धरल्यासारखा दिसतो, आत सुटा असतो. प्रीहीट कमी पडलं तर फ्लक्समधलं द्रावक लाटेवरच उकळतं आणि सोल्डरचे बारीक मणी बोर्डभर उडतात. म्हणून लाटेला टेकण्याआधी बोर्डाची वरची बाजू साधारण 100 ते 130 अंश सेल्सिअस तापलेली हवी.

पूर्वी सोल्डरमध्ये 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असे. ते 183 अंशांना वितळतं. शिशाच्या विषारीपणामुळे युरोपीय संघाने जुलै 2006 पासून त्यावर निर्बंध आणले आणि कथील, चांदी, तांबं यांचं मिश्रण रूढ झालं. ते 217 अंशांच्या आसपास वितळू लागतं, म्हणून पॉट 255 ते 265 अंशांवर ठेवावा लागतो. तापलेलं कथील बोर्डावरचं तांबंही विरघळवून घेतं. शिशाच्या जुन्या पॉटमध्ये कथील-तांब्याचे स्फटिक वर तरंगायचे, झाऱ्याने काढून टाकता यायचे. बिनशिशाचं सोल्डर हलकं असल्याने तेच स्फटिक आता तळाशी बसतात, दिसत नाहीत. पॉटचा नमुना ठरावीक दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घेणं म्हणूनच टाळता येत नाही.

सगळ्यात नाजूक हिशेब वेळेचा. उष्णता सोसणारी, चौकटी आखलेली काच बोर्डाच्या जागी ठेवून लाटेवर नेली की वरून चकचकीत पट्टा दिसतो: लाट नेमकी एवढीच टेकते. पट्टा 5 सेंटिमीटरचा आणि कन्व्हेअरचा वेग मिनिटाला 1.2 मीटर असेल, तर प्रत्येक पायाला अडीच सेकंद मिळतात. कमी पडले तर सोल्डर भोकातून वरपर्यंत चढत नाही, फार झाले तर तांबं झिजतं. पट्टा एका बाजूला निमुळता दिसला तर लाट वाकडी आहे. मला ही काच कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त आवडते, कारण ती डोळ्यांसमोर खरं दाखवते.

आता त्या भोकांकडे येतो. भिंग लावल्यावर टाक्याच्या मधोमध ज्वालामुखीच्या तोंडासारखा खळगा दिसला, कडा बाहेर उलटलेल्या. म्हणजे आतून काहीतरी फुटून बाहेर आलं होतं. ते पाणी होतं. फायबरग्लासचा बोर्ड हवेतली ओल पितो आणि आमचे गठ्ठे पावसाळ्यात उघड्या पिशव्यांत भिंतीशी रचलेले. लाटेवर त्या ओलीची वाफ होते आणि पायासाठीच्या भोकाच्या आतला तांब्याचा थर पातळ असेल तिथून फुटते. एकाच लॉटचे अर्धे बोर्ड आम्ही ओव्हनमध्ये काही तास 105 अंशांवर वाळवले, अर्धे तसेच ठेवले आणि एकामागून एक चालवले. वाळवलेल्यांत भोकं जवळजवळ नव्हतीच. सोल्डरचा यात काही दोष नव्हता.

हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. लाइनच्या शेवटी टचअपच्या, म्हणजे हाताने दुरुस्तीच्या, टेबलावर चार बेन (बायका) बसायच्या. हात इतके सराईत, की भोक दिसलं की सोल्डरिंगची इस्त्री टेकवून क्षणात बुजवायच्या. बोर्ड सुंदर होऊन पुढे जायचे आणि मशीन काय सांगत होतं ते कुठेच उरायचं नाही. शिवाय वरून बुजवलेल्या टाक्याखाली पोकळी राहते, ती पुढे ग्राहकाच्या घरी तडकते.

मग आम्ही प्रत्येक टेबलावर बोर्डाचा कागदी नकाशा ठेवला. दुरुस्तीआधी खूण, मगच इस्त्री. पहिल्याच आठवड्यात ब्रिजच्या बहुतेक खुणा एका कनेक्टरच्या शेवटच्या दोन पायांवर गोळा झालेल्या दिसल्या. लाट सोडताना उरलेलं सोल्डर तिथेच ओढलं जाऊन दोन पाय एकमेकांना चिकटत होते. डिझाइनवाल्याने त्यांच्या मागे तांब्याचा एक रिकामा ठिपका वाढवला, जादा सोल्डर त्यावर जाऊ लागलं आणि नकाशावरचा तो कोपरा कोरा राहू लागला.