सजीवांतले महारेणू: चार नावांची यादी कशी जमली

कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले ही सजीवांतल्या महारेणूंची, म्हणजे फार मोठ्या रेणूंची, चार नावे आपण शाळेपासून एका दमात म्हणतो, पण ती एकत्र आली वेगवेगळ्या वाटांनी. पहिल्या तिघांचे मूळ अन्नाच्या विचारात आहे. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरांनी १८२७ मध्ये अन्नघटकांचे शर्करायुक्त, तेलकट आणि अल्ब्युमिनयुक्त असे गट पाडले. त्यांचे रेणू केवढे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

चौथे नाव चक्क पुवातून आले. जर्मनीत ट्युबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा होती. तिथे १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर रुग्णालयातली पुवाने माखलेली बँडेजे धुऊन पांढऱ्या पेशी गोळा करत. त्यांच्या केंद्रकांतून निघालेल्या पदार्थात फॉस्फरस भरपूर होता आणि प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनला तो दाद देत नव्हता. म्हणजे हे प्रथिन नव्हे; हाच तो न्यूक्लिइक आम्लाचा पदार्थ. प्रयोगशाळेचे प्रमुख होप्पे-झायलर इतके साशंक की त्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिले. लेख छापून आला १८७१ मध्ये.

खरी भांडणे पुढे झाली, ती आकारावरून. एवढे मोठे रेणू असतात हेच बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हते. त्यांच्या मते हे लहान रेणूंचे सैल पुंजके होते. १९०७ मध्ये १८ अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या लहान घटकांची) साखळी जोडून दाखवणारे एमिल फिशरसुद्धा प्रथिनांचा रेणुभार (एका रेणूचे सापेक्ष वजन) काही हजारांपुढे न्यायला तयार नव्हते. हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये नेहमीच्याच रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबलचक साखळ्यांची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या वाट्याला विरोधच आला. पारडे फिरवण्यात स्वीडनच्या स्वेडबर्ग यांच्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा, म्हणजे द्रावण अतिवेगाने फिरवून त्यातले कण खाली बसवणाऱ्या यंत्राचा, मोठा हात आहे. त्यात फिरवलेल्या हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचे सगळे कण एकाच गतीने खाली बसत. रेणुभार निघाला सुमारे ६७ हजार. सैल पुंजके असते तर लहानमोठे कण मागेपुढे झाले असते. स्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते थेट १९५३ मध्ये.

या कसोटीवर मेद मात्र नापास होतात. त्यांचा रेणू सहसा हजाराच्या आतच राहतो, लहान घटक एकामागे एक जोडलेली लांबलचक साखळी नाहीच. माझ्या मते यादीत ते प्राउटच्या वारशानेच टिकून आहेत. गंमत अशी, की पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, मेदाचे असंख्य सुटे रेणू रासायनिक बंधाविना एकमेकांना धरून राहतात. प्रथिनांबाबत खोटी ठरलेली पुंजक्यांची कल्पना इथे जवळपास खरी आहे.