झूम किती ते नंतर सांगा, आधी भोक केवढं ते सांगा

मागच्या श्रावणात मावशीकडे कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसली होती, अमळनेरजवळच्या गावात. सुरतहून पुण्याहून झाडून सगळे आलेले, घरात पाय ठेवायला जागा नाही. रात्री जागरण, बायका अहिराणी गाणी म्हणतायत, खोलीत एक पिवळा बल्ब आणि कानबाईपुढे समया एवढाच उजेड. मी तेव्हा नवीकोरी १८-३०० झूम लेन्स घेतली होती आणि जाम ऐटीत होतो, म्हणजे कोपऱ्यात बसून समोरच्याच्या नाकातली नथ भरता येईल अशी. दोनशे तरी फोटो काढले असतील. सकाळी रोट खाता खाता लॅपटॉपवर उघडले तर चेहरे कसेबसे ठीक, पण टाळ्या वाजवणारे हात म्हणजे नुसता धूर. मावशीने चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, मना हात कथा ग्यात रे?" म्हणजे माझे हात कुठे गेले रे?

तेव्हापासून कोणी मला विचारलं की झूम लेन्स कुठली घेऊ, तर मी किती लांबचं दिसतं ते सांगतच नाही. आधी विचारतो, लेन्सचं उजेड आत जायचं भोक, म्हणजे अपर्चर, केवढं आहे?

लेन्सवर लिहिलेलं असतं १८-५५ एफ/३.५-५.६ वगैरे. पहिले आकडे, म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ, जेवढी जास्त तेवढं लांबचं जवळ दिसतं, ते सगळे वाचतात, दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. तो एफ म्हणजे साधा भागाकार आहे. फोकल लेंथ भागिले समोरून दिसणाऱ्या भोकाचा व्यास. कानबाईच्या रात्री मी बहुतेक ७० वर होतो आणि तिथे माझी लेन्स जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच उघडत होती, म्हणजे ७० भागिले ५.६, साडेबारा मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं. त्याच ७० ला एफ/२.८ वाली लेन्स असती तर २५ मिलिमीटर, दहाच्या नाण्यापेक्षा थोडंच लहान. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून उजेडही चौपट येतो. इथे आकडा लहान तेवढं भोक मोठं हे उलटं वाटतं, पण भागाकार डोक्यात ठेवला की गोंधळ होत नाही.

आता हा चौपट उजेड कामाला कुठे येतो ते बघा. त्या खोलीत आयएसओ, म्हणजे आलेल्या उजेडाचा सिग्नल वाढवायचा आकडा, १६०० ला ठेवून माझा कॅमेरा शटर १/१५ सेकंद उघडं ठेवत होता. १/१५ सेकंदात टाळी वाजवणारा हात वीतभर सरकतो, मग धूर नाही तर काय येणार. एफ/२.८ असतं तर तिथेच १/६० मिळालं असतं आणि एफ/१.८ असतं तर १/१६०. खोली तीच, बल्ब तोच, मावशी तीच.

मग लगेच कोणीतरी म्हणतं की आयएसओ वाढव ना भाऊ, कशाला एवढा खर्च. वाढवता येतो, मी पण वाढवतो, पण आयएसओने उजेड वाढत नाही. जेवढा उजेड आत आला तेवढाच आला, आयएसओ फक्त त्याचा आवाज मोठा करतो, लग्नातल्या डीजेसारखा, गाण्याबरोबर खरखर पण मोठी होते. आणि ही खरखर सगळी कॅमेऱ्याची नसते, बरीचशी उजेडाचीच असते. हे मला समजलं तेव्हा मजा वाटली होती. उजेड सलग धार नाही, फोटॉनचे थेंब आहेत. मृगाचा पहिला पाऊस सुरू होताना अंगणात सारख्या वाट्या मांडून ठेवा आणि दोन मिनिटांनी बघा, एकीत चार थेंब असतील, दुसरीत नऊ, तिसरीत सहा. पाऊस सगळीकडे सारखाच पण वाट्यांत फरक. रात्रभर धो धो पडला की मग सगळ्या वाट्या सारख्याच दिसतात. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे त्या वाट्या. हिशोब वर्गमुळाचा आहे, सरासरी १०० फोटॉन आले तर साधारण १० चा चढउतार म्हणजे दहा टक्के, १०,००० आले तर १०० चा म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या फोटोत गालावर जी रांगोळी सांडल्यासारखी दिसते ना, ती हीच. चौपट उजेड आत घेतला की ही खरखर चित्राच्या मानाने निम्मी होते. म्हणून भोक मोठं पाहिजे, बाकी काही नाही.

इथे मावसभावाने मला गार केलं होतं, त्याचं म्हणणं माझ्या मोबाईलला एफ/१.८ आहे, तुझ्या लाकडापेक्षा भारी. आणि त्याचा फोटो खरंच माझ्यापेक्षा बरा आला होता, काय बोलणार. पण भागाकार लावा. मोबाईलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ सहा मिलिमीटरच्या आसपास, भागिले १.८ म्हणजे तीन-सव्वातीन मिलिमीटरचं भोक, ज्वारीच्या दाण्यापेक्षा काही फार मोठं नाही. मोबाईल जिंकतो तो डोक्याने, एका दाबात सात-आठ फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो, म्हणजे जास्त वेळ वाट्या मांडून ठेवल्यासारखं. खरखर पुसता पुसता कधी चेहरे मेणाचे होतात ते वेगळं.

सेन्सरच्या आकाराचं पण असंच. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि आपल्यासारख्यांकडे जो क्रॉप कॅमेरा असतो त्याचा साधारण २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळात सव्वादोन पटीहून जास्त फरक. त्यामुळे क्रॉपवर एफ/२.८ म्हणजे फुल फ्रेमवर एफ/२.८ इतकं स्वच्छ येत नाही, साधारण एफ/४ ला जसं येईल तसं येतं. पण बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, बदलायला निघालेल्या पोरांना मी सांगतो की थांब, तुझ्या जुन्या बॉडीवर एफ/५.६ काढून एफ/२.८ लाव, चौपट मिळेल, फुल फ्रेम घेऊन परत एफ/५.६ लावशील तर सव्वादोन पटच मिळेल आणि खिसा पण रिकामा.

आता सगळ्याच झूम लेन्स एफ/२.८ का नसतात हा प्रश्न. कारण झूम ही मुळात भांडणं मिटवत बसणारी गोष्ट आहे. पन्नासची साधी फिक्स लेन्स असली की तिला एकाच जागी नीट वागायचंय, सहा-सात काचांत काम होतं. झूमला १७ वर पण नीट वागायचंय आणि ५० वर पण आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी पण. काचेतून जाताना निळा आणि लाल रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात, कडेच्या किरणांचा फोकस मधल्यांपेक्षा वेगळीकडे, सरळ भिंत वाकडी, आणि एक चूक काच घालून सुधारली की दुसरीकडे नवी उपटते. भोक मोठं केलं की कडेचे किरण जास्त आत येतात आणि हेच सगळे दोष अजून बळावतात. सिनेमाच्या नाही तर फोटोच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली पहिली झूम, फोक्टलेंडर कंपनीची झूमार, १९५९ साली आली, ३६-८२ आणि चक्क एफ/२.८. पण डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी, सगळीकडे एफ/१.८ राहणारी झूम यायला २०१३ उजाडलं, सिग्माची १८-३५, आणि तिची पण रेंज बघा, दुप्पट सुद्धा नाही. मोठं भोक पाहिजे तर रेंज सोडा, असा सरळ सौदा आहे. १८-३०० म्हणजे जवळजवळ सतरा पट, तिथे काच बनवणारा तरी काय करणार, ३०० ला गेलं की मऊ दिसतंच. दिवसा रावेरकडच्या केळीच्या बागा काढा, हतनूर धरणाच्या पाण्यावर लांब बसलेले पक्षी काढा, झकास आहे. कानबाईच्या खोलीत नाही.

काचा जास्त म्हणजे अजून एक लचांड. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. पंधरा वेगळ्या भिंगांची झूम धरली तर पृष्ठभाग तीस, आणि प्रत्येक ठिकाणी ९६ टक्केच पुढे जातो असं धरून तीस वेळा गुणलं तर शेवटी सेन्सरपर्यंत तीस टक्क्यांपेक्षा कमी पोचतो. बाकीचा नुसता गायब होत नाही, काचांमध्ये इकडून तिकडे आपटत बसतो आणि फोटोवर धुकं आणतो. १९३५ साली झाईस या जर्मन लेन्स कंपनीतल्या अलेक्झांडर स्मकुलाने काचेवर पातळ थर देऊन हे परावर्तन मारायची युक्ती पेटंट केली, आणि आजच्या झूम लेन्स त्याच वाटेने आल्यात. पुढच्या काचेवर जांभळी-हिरवी झाक दिसते ना, तीच. हे कोटिंग नसतं तर आज झूम कोणी हातात धरली नसती.

याचा झटका मला काठी गावात बसला. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी, रात्रभर ढोल, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, आणि पहाटे होळी पेटते. तोवर मी शहाणा झालो होतो, मित्राची १७-५० एफ/२.८ मागून नेली होती, आयएसओ ३२००, शटर १/२००, नाचणाऱ्याचं मोरपीस न् मोरपीस मोजता येईल असे फोटो येत होते. फ्लॅश अजिबात मारायचा नाही, एक तर नाचणाऱ्यांच्या डोळ्यात जातो आणि दुसरं म्हणजे ज्या उजेडासाठी आलो तोच मरतो. तर होळी पेटली आणि प्रत्येक फोटोत काळ्या आभाळात एक हिरवट ज्वाळा तरंगायला लागली, उलटी. मला वाटलं लेन्स गेली मित्राची, आता काय तोंड दाखवू. मग लक्षात आलं की आग फोटोत डावीकडे खाली असली की हे भूत उजवीकडे वर, आग वर घेतली की भूत खाली, बरोबर समोरासमोर. लेन्सपुढे मी एक स्वस्तातला फिल्टर लावून ठेवला होता धूळ नको म्हणून. सेन्सरवरून परत फिरलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येत होता. फिल्टर काढून खिशात टाकला, भूत गेलं. रात्री दिवे असतील तिथे फिल्टर काढूनच टाका.

स्टॅबिलायझेशनबद्दल दुकानदार फार गोड बोलतात. त्यात लेन्समधलं एक भिंग तुमच्या हाताच्या थरथरीच्या उलट्या दिशेने सरकतं, आणि ते खरंच काम करतं, चांगदेवच्या देवळातलं अंधारातलं कोरीवकाम मी १/१० ला हातात धरून काढलंय. पण दगड हलत नाही. मावशीचे हात हलतात, काठीचा नाचणारा हलतो, तिथे तुमचा हात स्थिर करून काय उपयोग. माझ्या त्या १८-३०० ला पण स्टॅबिलायझेशन होतंच की.

अजून एक फायदा कोणी सांगत नाही तो म्हणजे फोकसचा. डीएसएलआर फोकस घेताना अपर्चर पूर्ण उघडं ठेवतो, फोटो तुम्ही एफ/८ ला काढणार असलात तरी, त्यामुळे कॅमेऱ्यात एफ/२.८ साठीचे फोकस पॉइंट असतील तर एफ/२.८ लेन्सवर फोकस जास्त नेमका लागतो आणि लेन्स अंधारात घरघर करत पुढेमागे कमी शोधत बसते.

पूर्ण उघड्या भोकावर जवळजवळ सगळ्याच झूम कडेला थोड्या मऊ असतात, एक-दोन स्टॉप बंद केल्या की कडक होतात, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. म्हणून एफ/४ लागत असेल तर एफ/२.८ वाली घेऊन एफ/४ ला वापरणं हे एफ/४ वालीला पूर्ण ताणण्यापेक्षा बरेचदा चांगलं. पण बंद करत करत एफ/२२ ला जाऊ नका. भोक फार लहान झालं की उजेड कडेला वळून पसरतो, एफ/१६ ला एका ठिपक्याचा साधारण २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळा होतो आणि २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल असतो चार मायक्रॉनच्या आसपास, मग कितीही महाग काच असू द्या.

शेवटी मी सेकंडहँडच घेतली. जुने कॅमेरे विकणारे एक आप्पा आहेत, त्यांच्याकडून १७-५० एफ/२.८ दोन दिवस घरी आणली, या बोलीवर की पटली तर पैसे. भिंतीवर पेपरचं पूर्ण पान चारी बाजूंनी टेप मारून ताणून चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर पानाच्या बरोबर समोर, दोन सेकंदाचा टायमर, आणि १७, ३५, ५० तिन्हीवर एफ/२.८ ते एफ/८ पर्यंत फोटो. मध्ये सगळं छान. मग कोपरे मोठे करून बघितले, डावीकडच्या छोट्या जाहिरातीतलं 'ट्रॅक्टर विकणे आहे' स्वच्छ वाचता येत होतं आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरांच्या मुंग्या झालेल्या, एफ/५.६ ला पण. दोन्ही कोपरे सारखे मऊ असते तर मी घेतली असती, तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ म्हणजे आतलं एखादं भिंग तिरकं झालंय, बहुतेक कधीतरी पडलेली. आप्पांनी कुरकुर न करता दुसरी दिली.

दुसरीत मागून टॉर्च मारून बघितलं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, हातच लावायचा नाही. अपर्चरच्या पात्यांवर तेलाचा चमकता डाग पण बघायचा, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशात बंद गाडीत लेन्स ठेवली की आतलं ग्रीस पातळ होऊन तिथे उतरतं आणि पाती चिकटायला लागतात. ही स्वच्छ निघाली. आता पावसाळाभर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते, आणि तो डबा आईने दोनदा डाळीसाठी रिकामा केलाय.