पेशी मरणारच, पण विषाणूच्या सोयीनं

आत विषाणू शिरल्याचा सुगावा लागला की माशाची पेशी स्वतःलाच संपवू शकते. हा अ‍ॅपॉप्टोसिस, म्हणजे नियोजित पेशीमृत्यू. त्याची एक वाट पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींकडून (बाहेरचे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांकडून) कॅस्पेस-८कडे जाते. कॅस्पेस म्हणजे इतर प्रथिनं कापणारी विकरं. दुसरी पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातून: बॅक्स हे प्रथिन तिथल्या बाह्यपटलाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर गळतं आणि कॅस्पेस-९ जागं होतं. पुढे दोन्ही वाटांवर कॅस्पेस-३ कामाला लागतं. डीएनए सुमारे १८० बेसजोड्यांच्या पटीत तुटतो, पेशी आकसते, तिचे तुकडे पडतात.

हे लवकर घडलं तर विषाणूच्या प्रती तयारच होत नाहीत. उशिरा घडलं तर मात्र त्याचं फारसं बिघडत नाही. उलट तयार कण बाहेर पडायला मदतच होते. म्हणून ‘हा विषाणू पेशीमृत्यू रोखतो की घडवतो?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कधी रोखतो आणि कधी घडवतो, हे विचारायला हवं.

ट्राउट-सॅल्मनला मारणाऱ्या नोव्हिऱ्हॅब्डोविषाणूंत हे स्वच्छ दिसतं. त्यांचं एम प्रथिन पेशीचं स्वतःचं जनुकवाचन दडपतं आणि तिला मृत्यूकडे ढकलतं. एनव्ही हे चिमुकलं प्रथिन सुरुवातीच्या तासांत तोच मृत्यू थोपवून धरतं. एनव्हीचं जनुक काढून टाकलेला विषाणू पेशींना लवकर मारतो आणि स्वतः कमी वाढतो.

सॅल्मनच्या स्वादुपिंडाची नासाडी करणाऱ्या आयपीएन विषाणूबाबत मात्र जपून बोलावं. त्याचं व्हीपी५ प्रथिन पेशीत मुद्दाम भरपूर बनवलं तर ती जास्त टिकते. पण प्रत्यक्ष संसर्गात व्हीपी५ असो वा नसो, पेशींत आणि माशांतही, अ‍ॅपॉप्टोसिस होतच राहिला. एकटं प्रथिन पेशीत घालून काढलेला निष्कर्ष जनुक वगळलेल्या विषाणूवर तपासल्याशिवाय पक्का धरू नये.

उत्तर अमेरिकेतल्या वॉलाय माशाच्या त्वचेवर एका रेट्रोविषाणूमुळे गाठी येतात. शरदात वाढतात, वसंतात गळून पडतात. वाढीच्या काळात विषाणूचं ऑर्फ-ए हे प्रथिन सक्रिय असतं; ते सायक्लिनसारखं, म्हणजे पेशीविभाजन चालवणाऱ्या प्रथिनांसारखं असतं. वसंतात विषाणूचं उत्पादन वाढतं, ऑर्फ-सी हे त्याचं दुसरं प्रथिन बनतं, ते मायटोकॉन्ड्रियात बसतं आणि पेशी मरतात. नेमक्या याच ऋतूत मासे अंडी घालायला एकत्र येतात!

पेशीचा प्रकार बदलला तरी निकाल बदलतो. सिंगापूर ग्रूपर इरिडोविषाणू ग्रूपरच्या प्लीहापेशींना अ‍ॅपॉप्टोसिसशिवाय मारतो, तर फॅटहेड मिनो या दुसऱ्या माशाच्या पेशींत चक्क अ‍ॅपॉप्टोसिस घडवतो.

त्यामुळे मोजणी काटेकोर हवी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेल्या की तळापासून सुटून माध्यमात, म्हणजे भोवतीच्या पोषक द्रवात, तरंगतात. माध्यम ओतून दिलं की मृत्यूचा आकडा कमी भरतो. म्हणून तरंगत्या आणि चिकटलेल्या पेशी एकत्र करूनच रंगवाव्यात. अ‍ॅनेक्सिन-व्ही हे मरत्या पेशींना चिकटणारं प्रथिन; त्याला चिकटायला कॅल्शियम लागतं, तेव्हा कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए धुऊन काढावं. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर धडधाकट पेशींचंही पटल फाटतं आणि फक्त फाटक्या पेशींत जाणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग त्यांच्याही आत शिरतो. सस्तन पेशींच्या सवयीनं ट्राउटच्या पेशी ३७ अंशांवर ठेवल्या तर उष्णतेनंच मरतात. नमुना एकदाच आणि उशिरा घेतला तर अ‍ॅपॉप्टोसिस झालेल्या पेशीही पुढे फुटलेल्या असतात आणि साध्या नेक्रोसिससारख्या, म्हणजे अनियोजित पेशीमृत्यूसारख्या दिसतात; म्हणून नमुना दर काही तासांनी घ्यावा. सोबत अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला विषाणूही लावावा. त्यानंही पेशी तितक्याच मेल्या, तर त्या मृत्यूला विषाणूच्या प्रती बनण्याची गरज नव्हती.