न संपणारी धून आणि तिचा शेवट

व्हिडिओ गेम बंद ठेवून त्याचे संगीत ऐकण्याची आवड स्ट्रीमिंगमुळे लागली, असा समज आहे. खरे तर १९८४ मध्येच जपानमध्ये आर्केड गेमच्या (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील गेमच्या) संगीताचा अल्बम निघाला होता. धुनांबरोबर खेळताना होणारे आवाजही त्यात होते. १९८७ मध्ये टोकियोत एका रोल-प्लेइंग गेमचे संगीत वाद्यवृंदाने मैफलीत वाजवले. जपानबाहेर अशी मैफल व्हायला २००३ उजाडले. ती लाइपझिगमध्ये झाली.

या इतिहासातला खरा गुंता ‘लूप’ या शब्दात आहे, म्हणजे संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होणाऱ्या धुनेत. खेळणारा एका टप्प्यावर दोन मिनिटे रेंगाळेल की वीस, हे संगीतकाराला आधी कळत नाही. त्यात जागेची टंचाई. १९९० च्या एका कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रात) एका वेळी जास्तीत जास्त आठ आवाज वाजत आणि ध्वनीसाठी मेमरी होती ६४ किलोबाइट. म्हणून छोटी धून अशी बांधायची, की तिचा शेवटचा सूर पहिल्याला जाऊन मिळावा. अशा धुनेला शेवटच नसतो. मग अल्बमवर ती संपवायची कुठे?

रूढ झालेला तोडगा असा: दोन आवर्तने वाजवायची आणि मग आवाज हळूहळू विरू द्यायचा. पहिल्या आवर्तनात धून कळते, दुसऱ्यात तिचा सांधा ऐकू येतो, हे त्याचे समर्थन. वाद्यवृंदासाठी मांडणी करणाऱ्यांनी मात्र सरळ नवा शेवट लिहिला. पुढे हौशी मंडळी कन्सोलच्या ध्वनी-चिपचा डेटाच जसाच्या तसा काढून ठेवू लागली, तेव्हा हा निर्णय आकड्यांत उतरला. १९९० च्या त्या कन्सोलसाठीच्या त्यांच्या एसपीसी फाइलमध्ये किती सेकंदांनी विरायला लागायचे आणि विरायला किती मिलिसेकंद घ्यायचे, यासाठी वेगळे रकाने आहेत. ते संगीतकार भरत नाही, फाइल काढणारा भरतो. त्याआधीच्या पिढीच्या कन्सोलसाठी असलेल्या मूळ एनएसएफ फाइलमध्ये लांबीची नोंदच नाही. ऐकणारा थांबवेपर्यंत धून फिरत राहते. मला हीच पद्धत धुनेशी इमान राखणारी वाटते. एकच धून दहा-दहा तास वाजवत ठेवणारे व्हिडिओ लोक आजही लावतात, ते याच ओढीने.

आता गेममध्ये पूर्ण वाद्यवृंद वाजतो, पण प्रश्न सुटलेला नाही. संगीत थरांनी बांधलेले असते: शत्रू जवळ आला की ढोल चढतात, तो गेला की ओसरतात. अल्बमसाठी यातला कोणता थर ठेवायचा, हे पुन्हा कुणीतरी ठरवतेच.

मानसन्मानही या संगीताच्या गेमबाहेरच्या रूपालाच मिळाले. २००५ च्या एका रणनीती गेमच्या मेनूवर वाजणारे गाणे २०११ मध्ये ग्रॅमी जिंकले, पण संगीतकाराच्या स्वतंत्र अल्बममध्ये आल्यावर. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचे संचलन गेमच्या धुनांवर झाले. २०२३ पासून ग्रॅमीत गेम संगीताचा वेगळा विभाग आहे, आणि तिथेही पुरस्कार अल्बमलाच मिळतो.