लघुमालिका रूपांतर (विज्ञानकथा)

छापील विज्ञानकथेवरून दोन ते आठ भागांत संपणारी मालिका बनवणे म्हणजे लघुमालिका रूपांतर. दैनंदिन मालिका प्रेक्षकांचा कौल पाहून वळवता येते. लघुमालिका आधी पूर्ण लिहून मग चित्रित होते. संहितेतली चूक त्यामुळे अखेरपर्यंत तशीच राहते.

सर्वांत मोठा घोटाळा लांबीचा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणजे ४५ मिनिटांच्या सहा भागांना २७० पाने लागतात. मराठी विज्ञानकथा मात्र दिवाळी अंकांत आणि मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) स्पर्धेत वाढली. एक कल्पना, एक धक्का, की कथा संपली. तिच्यात एका भागाचा ऐवज असतो. बाकीची सव्वादोनशे पाने भरायला शास्त्रज्ञाचा मोडता संसार येतो, सरकारी कट येतो, आणि पत्रकार तर येतोच.

परदेशातही हेच झाले. मायकेल क्रायटन यांच्या १९६९च्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ या कादंबरीवर १९७१ साली निघालेला चित्रपट सव्वादोन तासांच्या आत संपतो. अनोळखी जंतू, भूमिगत प्रयोगशाळा आणि एकेक शक्यता खोडत जाणाऱ्या चाचण्या एवढ्यावर तो उभा आहे. २००८च्या दोन भागांच्या मालिकेने त्यात भविष्यातून आलेला संदेश आणि समुद्रतळावरचे खाणकाम घातले. जंतूचे कोडे मागे पडले. रे ब्रॅडबरी यांच्या मंगळावरील सुट्या कथा १९८०च्या मालिकेने एका नायकाच्या दोऱ्यात ओवल्या. ती कंटाळवाणी झाल्याचे खुद्द लेखकानेच म्हटले.

मुंबईत चित्रीकरणाच्या अडचणी वेगळ्या. क्रोमाचा हिरवा पडदा (ज्याच्या जागी नंतर संगणकावर दुसरी पार्श्वभूमी बसवतात) आणि नट यांत आठ-दहा फूट अंतर हवे. स्टुडिओच्या लहान फ्लोअरवर ते मिळत नाही आणि केसांच्या कडांना हिरवी झाक चढते. पडद्यावर सुरकुती नको, प्रकाश सर्वत्र सारखा हवा, आणि नटाविना तीच चौकट (क्लीन प्लेट) टिपलेली हवी. घाईत नेमकी हीच राहते. इथल्या दमटपणात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, म्हणून काच काढून चित्रण करतात व तिची चमक नंतर संगणकावर चढवतात. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजतो. संवाद पुन्हा डब करावे लागतात. संकलन पक्के होण्याआधी दृश्ये व्हीएफएक्सकडे (संगणकीय दृश्य-करामतींकडे) गेली, तर नंतर कापलेल्या प्रत्येक सेकंदावरचे काम फुकट जाते.

संवादांत दोन दोष हमखास. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना ‘तुला माहीतच आहे की...’ म्हणत शाळेतला धडा सांगतात. दुसरा शब्दांचा: छापील पानावर ‘कृष्णविवर’ शोभते, पण मुंबईतल्या प्रयोगशाळेत चहा पिताना माणूस ‘ब्लॅक होल’च म्हणतो. हे सहसा डबिंगमध्ये कोणाच्या तरी लक्षात येते, तोवर ओठांच्या हालचाली पडद्यावर पक्क्या झालेल्या असतात.

एका भागात एक स्वतंत्र कथा हा बांधा मराठी विज्ञानकथेला अधिक मानवतो. निर्माते त्याला बिचकतात, कारण दर भागाला नवे नट आणि नवा सेट. मग एकच प्रयोगशाळा रंग बदलून तीनदा वापरली जाते, आणि तिसऱ्या भागात प्रेक्षक तिचे दार ओळखतात.