गर्भाशयमुख

गर्भाशयमुख : गर्भाशयाचा खालचा, निमुळता भाग. बोलीत याला ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात. लांबी साधारण ३ ते ४ सेंमी. असते आणि त्यातला खालचा भाग योनीच्या वरच्या टोकाला आत डोकावतो. मधल्या अरुंद नळीने गर्भाशयाची पोकळी योनीशी जोडलेली असते. पाळीचे रक्त याच वाटेने बाहेर येते, शुक्रजंतू याच वाटेने वर जातात आणि मूलही इथूनच जन्माला येते. बीजकोश, बीजवाहिन्या आणि गर्भाशयाचा मुख्य भाग ओटीपोटात दडलेले असतात. योनीपलीकडचा, कसलीही शस्त्रक्रिया न करता नुसत्या डोळ्यांनी दिसणारा भाग हा एकच. त्यामुळेच स्त्रियांच्या कर्करोगांपैकी गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेआधी गाठून जवळजवळ टाळता येतो.

मूल न झालेल्या स्त्रीत योनीकडचे छिद्र बारीक व गोल असते. योनिमार्गे प्रसूती झाल्यावर त्याची आडवी चीर होते. योनीकडचा पृष्ठभाग चपट्या पेशींच्या अनेक थरांनी झाकलेला, म्हणून फिकट गुलाबी. नळीतले अस्तर मात्र उभट पेशींच्या एकाच थराचे. खालच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसत असल्याने ते लाल भासते. ही दोन अस्तरे जिथे भेटतात ती सीमा आयुष्यभर एका जागी राहत नाही. वयात येताना, गरोदरपणात, कधी गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आतले अस्तर बाहेर सरकते. पाळी गेल्यानंतर सीमा पुन्हा नळीत ओढली जाते. बाहेर आलेल्या नाजूक पेशींचा योनीतल्या आम्लाशी संबंध येतो (प्रजननक्षम वयात पीएच सुमारे ३.८ ते ४.५) आणि त्यांची जागा हळूहळू चपट्या पेशी घेतात. ही अदलाबदल चालते त्या पट्ट्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग इथेच सुरू होतात.

बाहेर सरकलेल्या लाल अस्तराला पूर्वी ‘जखम’ म्हणत, आणि ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य तपासणीनंतर आजही अनेकींच्या कानी पडते. बहुतेक वेळा ती जखम नसतेच. त्रास नसेल आणि कर्करोगाची चाचणी निर्दोष असेल, तर ते अस्तर जाळण्याचे किंवा गोठवण्याचे कारण नाही. तेवढ्यासाठी पिशवी काढण्याचे तर मुळीच नाही.

नळीतल्या पेशी सतत स्राव तयार करतात आणि तो पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतो. पाळी संपल्यावर तो थोडा व चिकट असतो. बीज सुटण्याआधीच्या काही दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, तसा तो भरपूर, पातळ व पारदर्शक होतो. दोन बोटांत धरून ताणला तर तार निघते. अशा स्रावात शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे स्राव पुन्हा दाट होऊन वाट अडवतो. प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेली गर्भनिरोधके बऱ्याच अंशी याच मार्गाने काम करतात. म्हणून अंगावरून पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी आजार नव्हे. दुर्गंधी, खाज, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट-पिवळा रंग किंवा रक्ताचा अंश असेल, तर मात्र दाखवायला हवे.

प्रौढ स्त्रीचे चक्र सहसा २१ ते ३५ दिवसांचे असते, पाळी नव्याने सुरू झालेल्या मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंतही जाते. रक्तस्राव २ ते ७ दिवस चालतो. तास-दोन तासाला पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे म्हणजे स्राव जास्त आहे; अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

गरोदरपणात नळीत दाट स्रावाचा बूच बसतो आणि गर्भाशयमुख लांब, बंद राहते. मधल्या तिमाहीत त्याची लांबी २५ मिमी.पेक्षा कमी भरली तर वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो; काही स्त्रियांत तिथे टाका घालतात. कळा सुरू झाल्या की ते पातळ होऊन उघडत जाते आणि १० सेंमी. उघडले म्हणजे पूर्ण उघडले असे धरतात.

गर्भाशयमुख पाहायचे ते आतून तपासणी करून. लघवी करून आल्यावर स्त्री पाठीवर, गुडघे दुमडून झोपते. डॉक्टर स्पेक्युलम नावाचे उपकरण मिटलेल्या स्थितीत योनीत सरकवून मग उघडतात. त्याच्या दोन पाती योनीच्या भिंती दूर धरतात. पेशींचा नमुना घ्यायचा असेल तर तो आधी, बोटांनी तपासणी नंतर. त्या वेळी दोन बोटे आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशयाचा आकार, कल व हालचाल अजमावतात. एरवी गर्भाशयमुख नाकाच्या शेंड्याइतके टणक लागते, गरोदरपणात ओठांसारखे मऊ. ते हलवताच तीव्र वेदना झाली तर ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाची किंवा बीजवाहिनीत रुजलेल्या गर्भाची शंका घेतात. शरीरसंबंध न आलेल्या मुलीची अशी तपासणी सहसा करत नाहीत. पोटावरून सोनोग्राफी पुरते. तपासणीत ताण जाणवतो, पण तीव्र दुखणे अपेक्षित नाही. दुखले तर थांबायला सांगता येते. सोबत स्त्री परिचारिका मागता येते.

ही मुभा उशिरा आली. जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामात आपल्या नावाचे स्पेक्युलम आणि मूत्राशय व योनी यांच्यातील छिद्रावरची (फिस्टुला) शस्त्रक्रिया घडवली ती गुलाम स्त्रियांवर, भूल न देता; त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीनच नावे नोंदली गेली आहेत. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून न विचारता घेतलेल्या पेशी ‘हीला’ नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या. पुढे त्याच पेशींत ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) १८ क्रमांकाचा प्रकार सापडला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवले. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. १६ व १८ या दोन प्रकारांकडे सुमारे ७० टक्के रुग्ण जातात. विषाणूची लागण सर्वसामान्य आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. टिकून राहिला तरी पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. चाचणीला सापडते ती हीच मधली मुदत. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीत पेशी पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडलेले डाग पाहणे हा स्वस्त मार्ग. विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी सर्वांत खात्रीची, आणि तिचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही चाचणी वयाच्या ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी करावी. एचआयव्ही असलेल्यांनी २५ पासून, अधिक वेळा. २००६ पासून लसही उपलब्ध आहे. तरीही २०२२ मध्ये जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या रोगाने गेल्या. त्यांतल्या बहुतेक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या, म्हणजे जिथे चाचणी पोचत नाही तिथल्या.

शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे डाग लागणे आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे या तीन तक्रारींसाठी ठरलेल्या चाचणीची वाट पाहू नये. लस घेतलेल्यांनाही चाचणी चुकत नाही, कारण लस सर्व प्रकारांवर चालत नाही. पिशवी काढलेल्या स्त्रीने तोंड ठेवले आहे की काढले, हे शस्त्रक्रियेच्या कागदांतून पाहून घ्यावे. ते शिल्लक असेल तर चाचण्या पूर्वीप्रमाणेच चालू ठेवायच्या असतात.